डेंटल क्लिनिकमधलं काम येतं, कागद नाही. पुढं काय शिकावं?

पळसफूल

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातली. बारावी आर्ट्स झाल्यावर एका डेंटल क्लिनिकमध्ये लागले. तेव्हा नंबर लावणं आणि झाडझूड एवढंच काम होतं. आता सकाळी औजारं निर्जंतुक करायचं ऑटोक्लेव्ह लावण्यापासून रात्री कचऱ्याच्या पिशव्या बांधेपर्यंत सगळं माझ्याच अंगावर असतं. सक्शन धरते, दातांच्या मापाचं अल्जिनेट घोटते, रूट कॅनलच्या फाइल्स नंबरवार लावून देते, एक्स-रेचा सेन्सर कव्हर घालून सरांच्या हातात देते. लहान पोरगं खुर्चीवर आडवं पडायला तयार नसलं की सर मलाच हाक मारतात. दाढ काढून घरी गेलेला पेशंट गुळणी कधी करू, पोळी कधी खाऊ, हे माझ्याच नंबरवर विचारतो.

पगार सांगत नाही. कापूस वेचायला जाणाऱ्या बायका हंगामात माझ्यापेक्षा जास्त नेतात, एवढ्यावरून समजा.

सरांच्या ओळखीच्या एक मॅडम आल्या होत्या. त्या म्हणाल्या, बाहेरच्या देशात डेंटल नर्सला रजिस्ट्रेशन असतं आणि त्या पुढं युनिव्हर्सिटीत शिकून वर जातात. तेव्हापासून डोक्यात भुंगा लागला आहे. आपल्याकडं असं काही आहे का? मुलगी दुसरीत आहे, शेती कोरडवाहू, सासू-सासरे जवळच. बाहेरगावी राहून शिकायचं तर घरी बोलावं लागेल, पण आधी काय शिकायचं तेच कळत नाही.

आणि कृपा करून 'बीडीएस कर, दाताची डॉक्टर हो' म्हणू नका.

कापूसकोंड्या

बीडीएस कर.

(गंमत केली ताई, रागावू नका. जाणकार येतीलच.)

सिस्टर_अमरावती

पळसफूल, मी सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. थेट सांगते: जीएनएम कर, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा. बारावी कुठल्याही शाखेची चालते, इंग्रजी विषय पाहिजे आणि चाळीस टक्के पाहिजेत. तीन वर्षांचा कोर्स. मग महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन. त्यानंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. केलं की तू विद्यापीठाची पदवीधर, मग एम.एस्सी. नर्सिंगचाही रस्ता मोकळा. शिडी पाहिजे म्हणतेस ना, ती नर्सिंगमध्येच पायरीला पायरी लागून आहे. माझ्या बॅचच्या दोघी जीएनएमवरून सुरू होऊन आज कॉलेजात शिकवतात.

एक मात्र ध्यानात ठेव. हजेरी लागते, हॉस्टेल लागतं, नाइट ड्युटी लागते. नोकरी सांभाळून जीएनएम होतं असं कोणी सांगितलं तर त्या माणसापासून चार हात लांब राहा.

दातवाला_झाडीपट्टी

मी दंतवैद्य आहे, ब्रह्मपुरीकडं क्लिनिक आहे. सिस्टर म्हणतात ते बरोबर आहे, पण त्यात पळसफूल ताईंचा आजवरचा अनुभव शून्यावर येतो. जीएनएमच्या तीन वर्षांत दाताचं काम किती शिकवतात? तोंडाची स्वच्छता कशी ठेवायची, एवढंच.

आपल्याकडची परिस्थिती अशी. दंतवैद्यांचा कायदा १९४८ चा. त्यात दंतवैद्याशिवाय आणखी दोघांची नोंदणी सांगितली आहे: डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक. हायजिनिस्ट म्हणजे दात साफ करणारा, पॉलिश करणारा, कीड लागू नये म्हणून फ्लोराइड लावणारा, पेशंटला शिकवणारा. हे सगळं दंतवैद्याच्या देखरेखीखाली. मेकॅनिक म्हणजे कवळ्या आणि कॅप लॅबमध्ये बनवणारा. दोन्ही कोर्स दोन-दोन वर्षांचे, दोघांची नोंद राज्याच्या डेंटल कौन्सिलकडं होते. पण दोन्हींना बारावी सायन्स लागतं, फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी घेऊन. ताईंची गाडी इथंच अडते.

तुम्ही जे करता त्याला डेंटल असिस्टंट म्हणतात. खासगी क्लिनिकमध्ये त्यासाठी कुठला कागद कोणी विचारत नाही, आणि विचारत नाही म्हणूनच पगारही वाढत नाही. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचा डेंटल असिस्टंटचा कोर्स आहे. चालू कामाला सर्टिफिकेट मिळतं, तेवढ्यापुरता ठीक. पण ती काही विद्यापीठाची पदवी नाही आणि त्यानं कौन्सिलची नोंदणीही होत नाही.

सरकारी जाहिरातीत 'दंत आरोग्यक' आणि 'दंत यांत्रिकी' अशी पदं पाहिली असतील. ती म्हणजे हेच दोघं. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयात कंत्राटी हायजिनिस्ट आणि असिस्टंटही घेतात.

पळसफूल

सर, माझं आर्ट्स. मग हायजिनिस्ट संपलं का?

दातवाला_झाडीपट्टी

संपलं नाही, लांबलं.

मास्तर_जिपशाळा

ताई, एनआयओएस पाहा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. आमच्या शाळेतल्या एका अंगणवाडी सेविकेच्या मुलानं तिथून विषय दिले आहेत. फिजिक्स ३१२, केमिस्ट्री ३१३, बायोलॉजी ३१४ असे विषयांचे नंबर असतात. बारावी आधीच झालेल्याला सगळी परीक्षा परत द्यावी लागत नाही, पाहिजे तेवढे विषय घेता येतात. परीक्षा वर्षातून दोनदा: एकदा एप्रिल-मेच्या सुमारास, एकदा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या. प्रॅक्टिकल मात्र असतंच, अभ्यास केंद्रावर जाऊनच करावं लागतं. पुस्तकं हिंदी-इंग्रजीत मिळतील, त्याची मनाची तयारी ठेवा.

सिस्टर_अमरावती

मास्तर, चांगलं सुचवलं, पण एक गाठ आधी सोडवून घ्या. एका बोर्डाची बारावी आणि दुसऱ्या बोर्डाचे तीन सुटे विषय, हे प्रवेश देणारं कॉलेज मान्य करतं का? ते तोंडी विचारू नका. अर्ज द्या आणि लेखी उत्तर घ्या. काउंटरवरचा बाबू 'चालते चालते' म्हणतो आणि व्हेरिफिकेशनच्या दिवशी त्याच खुर्चीवर दुसराच बाबू असतो.

दातवाला_झाडीपट्टी

शंभर टक्के. शंका राहिली तर सरळ पाचही विषय घेऊन एनआयओएसची नवी बारावी करा. वर्ष-दीड वर्ष जास्त जाईल, पण पुढं कोणी बोट ठेवणार नाही.

वैनगंगाकाठ

माझ्या बहिणीचं ऐका म्हणजे कुठं पाय टाकायचा नाही ते कळेल. ती पण दाताच्या दवाखान्यातच होती. जिल्ह्याच्या गावात एका कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या माळ्यावर एक इन्स्टिट्यूट होतं, नाव नाही घेत. 'डिप्लोमा इन डेंटल नर्सिंग, युनिव्हर्सिटी मान्यताप्राप्त, शंभर टक्के नोकरी.' फी हप्त्यानं. वर्गात एक खुर्ची होती, तिचं लाइट चालू होत नव्हतं. पोरींना दाताच्या चार्टवरून नंबर पाठ करायला लावायचे, बाकी फोटो काढून फेसबुकवर टाकायचे. पांढरा कोट, स्टेथोस्कोप. बावा, दाताच्या कामाले स्टेथोस्कोप कायले पाह्यजे?

कंत्राटी जागेची मुलाखत निघाली तेव्हा टेबलावरच्या माणसानं सर्टिफिकेट उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, कौन्सिलचा नोंदणी क्रमांक कुठं आहे? तिले काहीच सांगता आलं नाही. विद्यापीठाचं नाव होतं ते दुसऱ्या राज्यातलं, तिथं फोन उचलणारं कोणी नाही. पैसे गेले ते गेले, घरचे आता 'अजून शिकणार?' म्हणतात ते वेगळंच.

कापूसकोंड्या

हे फार होऊन राहिलं आहे. नावात 'नर्सिंग' आणि 'पॅरामेडिकल' टाकलं की आईबापाले वाटते पोरगी सरकारी दवाखान्यात लागली.

दातवाला_झाडीपट्टी

ओळखायची सोपी खूण: फी भरायच्या आधी विचारायचं, 'हा कोर्स झाल्यावर माझं नाव कुठल्या कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये चढणार?' उत्तर एका वाक्यात आलं पाहिजे. नर्सिंग असेल तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, हायजिनिस्ट असेल तर महाराष्ट्र राज्य दंत परिषद. तिसरं काही सांगायला लागले की उठून यायचं. कॉलेजला मान्यता आहे का आणि हायजिनिस्टच्या बॅचला त्या वर्षी आहे का, हेही दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्ही विचारायचे. बीडीएसची मान्यता दाखवून तिच्या आडोशाला दुसरेच कोर्स चालवणारे आहेत.

२०२३ मध्ये संसदेनं नॅशनल डेंटल कमिशनचा कायदा केला. १९४८ च्या कायद्याच्या जागी तो यावा अशी त्यातली तरतूद आहे. म्हणून इंटरनेटवरचं जुनं पीडीएफ वाचून निर्णय घेऊ नका. प्रवेशाच्या वर्षी कोणता नियम लागू आहे ते पाहा.

खामगावकर_विलायतेत

मूळचा खामगावचा, सध्या इंग्लंडात. बायको इथं डेंटल नर्स आहे, म्हणून लिहितो. पळसफूल, त्या मॅडमनी सांगितलं ते खरं आहे. इथं २००८ पासून जनरल डेंटल कौन्सिलमध्ये नाव असल्याशिवाय किंवा शिकाऊ म्हणून कोर्सला असल्याशिवाय कोणी डेंटल नर्सचं काम करू शकत नाही. बायकोनं क्लिनिकमध्ये काम करता करताच डिप्लोमा केला. दिवसा खुर्चीपाशी, रात्री पुस्तक, आणि केलेल्या कामाची वही भरून वरिष्ठांच्या सह्या घ्यायच्या. नोंदणी झाली तरी सुटका नाही: दर पाच वर्षांत पन्नास तासांचं शिक्षण दाखवावं लागतं, नाही तर नाव कटतं.

त्यानंतर छोटे छोटे कोर्स असतात. एक्स-रे काढण्याचा, भूल दिलेल्या पेशंटजवळ थांबण्याचा, वाकड्या दातांच्या कामाचा, लोकांना तोंडाचं आरोग्य शिकवण्याचा. प्रत्येकानं हातातलं काम वाढतं. ज्याला विद्यापीठात जायचं तो तीन वर्षांची डेंटल थेरपी अँड हायजीनची पदवी करतो. थेरपिस्ट लहान मुलांचे दुधाचे दात काढतो, फिलिंगही करतो. २०१३ पासून पेशंट आधी डेंटिस्टला न दाखवता सरळ हायजिनिस्ट-थेरपिस्टकडं जाऊ शकतो.

पण खरं सांगू? पदवीच्या जागा मोजक्या असतात आणि बायकोबरोबरच्या बहुतेक जणी छोट्या कोर्सांवरच थांबल्या. त्या सुखी आहेत. आणि इकडं यायचा विचार असेल तर बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याची फी ऐकूनच दात दुखायला लागतील.

पळसफूल

दादा, यायचा विचार नाही हो. पण ती वही भरायची पद्धत आवडली. मी जे जे करते ते कोणी कुठं लिहूनच ठेवलेलं नाही.

दातवाला_झाडीपट्टी

ती आजपासून तुम्ही स्वतः सुरू करा. तारीख, काय काम, तुम्ही त्यात काय केलं, सरांची सही. पेशंटचं नाव लिहू नका. मुलाखतीत 'मला सगळं येतं' म्हणण्यापेक्षा अशी वही टेबलावर ठेवली तर समोरच्याला दहा प्रश्न सुचतात आणि दहाचीही उत्तरं तुमच्याकडं असतात. आता मीच एक विचारतो. काढलेली दाढ कुठल्या पिशवीत टाकता?

पळसफूल

पिवळ्या. पण त्यात चांदी भरलेली असेल तर नाही, ती वेगळी ठेवते. पिवळी पिशवी जाळायला जाते आणि चांदीतला पारा वाफ होऊन हवेत जातो. सुई कटर मारून पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात, ग्लोव्हज आणि सक्शनच्या टिप लालमध्ये.

दातवाला_झाडीपट्टी

२०१६ चे बायोमेडिकल वेस्टचे नियम झाले आहेत तुमचे. माझ्याकडं इंटर्नशिप करून आलेल्या पोरांना पाऱ्याचं विचारलं तर वर बघतात. ताई, इग्नूचा आरोग्य कचरा व्यवस्थापनाचा सर्टिफिकेट कोर्स आहे, सहा महिन्यांचा. बारावीवर होतो, घरून होतो. मोठ्या दवाखान्यात या कामाला माणूस लागतो आणि कागदवाला मिळत नाही. मुख्य रस्ता हा नाही, पण बायोलॉजीचा अभ्यास चालू असताना हातासरशी होऊन जाईल. आणि हो, हिपॅटायटिस बीचे तीन डोस घेतलेत का? शून्य, एक, सहा महिने. नसतील तर शिक्षणाच्या आधी ते.

पळसफूल

पहिला घेतला होता. पुढचे राहिले.

सिस्टर_अमरावती

अगं माय! हे आधी कर. सरांना सांग, खर्च त्यांचा. सुई टोचायच्या कामावर माणूस ठेवायचा तर लस मालकानं द्यावी, यात मागायला लाजायचं कशाला?

क्लिनिकवाला_वणी

एक दुसरी बाजू मांडतो, रागावू नका. मी पण तालुक्यालाच प्रॅक्टिस करतो. पोरगी घ्या, वर्षभर शिकवा, तिच्या हाताला वळण लागलं की लग्न होऊन जाते नाही तर नागपूरला जाते. आमच्याकडं दात साफ करायला हायजिनिस्ट ठेवणं परवडत नाही, ते मी स्वतःच करतो. पेशंट साफसफाईचे पैसे द्यायलाच कुरकुरतो. 'दुखत नाही तर कायले करू?' उद्या या ताई दोन वर्षं घालवून हायजिनिस्ट होऊन आल्या तर दारव्ह्यात त्यांना कोण ठेवणार? सरकारी जागा निघतात त्या मूठभर. हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो.

सिस्टर_अमरावती

'शिकवलं' म्हणता ते फुकट शिकवलं का? त्या वर्षभर अर्ध्या पगारात राबल्या ना? पोरी पळतात कारण तुम्ही नेमणुकीचं पत्र देत नाही, अनुभवाचा दाखला मागितला तर तोंड वाकडं करता.

पण नोकरीबद्दल वणीकर बोलतात त्यात तथ्य आहे. म्हणूनच मी जीएनएम म्हणते. नर्स प्राथमिक आरोग्य केंद्रापासून कॅन्सर हॉस्पिटलपर्यंत सगळीकडं लागते. दंत महाविद्यालयाच्या जबड्याच्या ऑपरेशन थिएटरमध्ये टेबलापाशी नर्सच उभी असते. तिथं पळसफूलसारखी आधीच औजारं ओळखणारी सिस्टर गेली तर सर्जन तिला सोडणार नाहीत. अनुभव शून्यावर येतो म्हणाले वरचे डॉक्टर, मला ते पटत नाही.

दातवाला_झाडीपट्टी

सिस्टर, मान्य. तो भाग माझ्या लक्षात आला नव्हता.

मास्तर_जिपशाळा

मला खामगावकरांना विचारायचं आहे. तिथं शाळेतल्या मुलांचे दात कोण पाहतं? आमच्याकडं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येते, डॉक्टर टॉर्च मारून पाहतात, किडके दात लिहून नेतात, चिठ्ठी देतात. चिठ्ठी घेऊन तालुक्याला जाणारे आईबाप किती? मजुरी बुडवून दुधाच्या दातासाठी कोण जातं? 'पडणारच हाय तो.'

खामगावकर_विलायतेत

मास्तर, इंग्लंडचं सगळीकडं सारखं नाही. पण स्कॉटलंडमध्ये चाइल्डस्माइल नावाचा कार्यक्रम आहे, त्यात डेंटल नर्सच शाळेत जातात. बालवाडीतले कर्मचारी रोज देखरेखीखाली ब्रश करून घेतात आणि ट्रेनिंग घेतलेल्या नर्स मुलांच्या दातांना फ्लोराइड वार्निश लावतात. डॉक्टरची खुर्ची लागत नाही. गुडघ्याला गुडघा लावून समोर बसायचं, मूल मांडीवर आडवं, दात कापसानं कोरडे करायचे आणि ब्रशनं लावायचं. मिनिटभराचं काम.

मास्तर_जिपशाळा

हे तर आमच्या पळसफूल ताई उद्यापासून करतील!

दातवाला_झाडीपट्टी

मास्तर, थांबा. हात आहेत म्हणून लावता येत नाही. एक तर आपल्याकडं हे काम दंतवैद्य किंवा त्याच्या देखरेखीखालच्या हायजिनिस्टचं. दुसरं म्हणजे यवतमाळ-चंद्रपूरकडच्या कितीतरी गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. पांढरकवड्याकडची मुलं पाहा, दातांवर पिवळे-तपकिरी चट्टे आणि खडबडीत पृष्ठभाग. तिथल्या पोराचे चट्टे आईला कीड वाटतात आणि नवख्याला ब्रश न केल्याची घाण. तिथं आधी पाण्याचा रिपोर्ट, मग बाकीचं. कुठल्या गावाला फ्लोराइड द्यायचं आणि कुठल्या गावाचं कमी करायचं, हे ओळखायला शिकावंच लागतं. ताईंनी हायजिनिस्ट व्हावं असं मला वाटतं ते याचसाठी. खुर्चीशेजारचं काम त्यांना आजही येतं.

पळसफूल

सर, तुम्ही चट्ट्यांचं म्हणालात, मला खर्ऱ्याचं, त्या सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाचं, सांगायचं आहे. आमच्याकडं मागच्या हंगामात एक जण आला, तिशीतलाच. म्हणे दाढ दुखते. मी खुर्चीवर घेतलं, तोंड उघडा म्हटलं तर माझा आरसाच आत जाईना. सरांनी शिकवलं आहे, पेशंटची स्वतःची तीन बोटं उभी तोंडात मावली पाहिजेत. त्याची दीड मावली. गाल आतून पांढरे आणि पुठ्ठ्यासारखे कडक. तिखट लागतं का विचारलं तर म्हणाला, 'दोन वर्षं झाली, बायको माझी भाजी वेगळी काढते.' खिशात तेव्हाही पन्नी होती. सरांनी त्याला नागपूरला पाठवलं. गेला की नाही कोण जाणे.

तेव्हापासून मी नंबर लावतानाच विचारते: खर्रा खाता का, तिखट झोंबतं का, आणि बोटं घालून दाखवा. लोक हसतात, पण घालतात.

सिस्टर_अमरावती

पोरी, ही तू स्क्रीनिंग करून राहिली आहेस, खर्ऱ्यानं तोंड खराब झालेले लोक आधीच हेरतेस. तुला कोणी सांगितलं नाही एवढंच.

वैनगंगाकाठ

गडचिरोलीत मुक्तिपथवाले गावागावांत तंबाखू-दारूचं काम करतात, २०१६ पासून. आमच्या गावात त्यांची बैठक झाली होती. ही बोटांची गोष्ट तिथं सांगितली असती तर अर्धं गाव जागच्या जागी बोटं घालून पाहत बसलं असतं.

दातवाला_झाडीपट्टी

ताई, तुमच्या सरांनी ही पद्धत वहीत नोंदवून ठेवावी. आणि यातून तिसराही रस्ता दिसतो, तो सांगून ठेवतो. बाहेर पडणं जमलंच नाही तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून किंवा इग्नूतून घरूनच बी.ए. करा. तुमची बारावी झालेली आहे, सरळ प्रवेश मिळतो. पदवीनंतर सार्वजनिक आरोग्याचा मास्टर्स म्हणजे एमपीएच असतो. काही विद्यापीठं कुठल्याही शाखेचा पदवीधर घेतात, काही आरोग्य शाखेचीच पदवी मागतात, तेव्हा आधी जाहिरात वाचायची. एमएसडब्ल्यू तर कुठल्याही पदवीवर होतं. तंबाखूचं, शाळेतल्या मुलांचं काम करणाऱ्या संस्थांना असा माणूस पाहिजे असतो. यात तुम्ही पेशंटच्या तोंडात हात घालणार नाही, गावाबरोबर काम कराल. आवडेल का ते तुम्हीच ठरवा.

सिस्टर_अमरावती

बी.ए. करून पुढं एमपीएच, म्हणजे पाच वर्षं पगारात काही फरक नाही. तिला मुलगी शिकवायची आहे.

दातवाला_झाडीपट्टी

तेही खरं.

कापूसकोंड्या

पैशाचं मी सांगतो, माझा त्यात हात बसला आहे, घरात तीन पोरी शिकून राहिल्या. फी-स्कॉलरशिपचा फॉर्म महाडीबीटीच्या सरकारी वेबसाइटवर भरायचा असतो. जात कोणती यावर योजना ठरते. हॉस्टेल नाही मिळालं तर एससीला स्वाधार, एसटीला स्वयम्, ओबीसीला आधार योजना, त्यातून राहण्या-खाण्याचे पैसे खात्यात येतात. उशिरा येतात, पण येतात. २०२४ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं तर व्यावसायिक कोर्सची फी माफ आहे, पण प्रवेश सरकारी फेरीतून झालेला पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. आपला कोर्स यादीत आहे का ते पाहून घेजा.

आणि ताई, लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणी दाखला आत्ताच काढून ठेवा. जातीची व्हॅलिडिटी माहेरच्या कागदांवरून होते, त्याले लय टाइम लागते. नॉन क्रिमीलेअरची मुदतही पाहा. पोरी कोर्सात नाही अडकत, कागदात अडकतात.

मास्तर_जिपशाळा

वयाचंही पाहा. सरकारी नोकरीला खुल्या गटाला अडतीस, मागासवर्गीयांना त्रेचाळीस. जीएनएमच्या प्रवेशाला पस्तीसची अट असते.

पळसफूल

सगळ्यांचे आभार. चार-पाच दिवस आले नाही, कारण घरी बोलणं चालू होतं. सासूबाई म्हणाल्या, 'शीक, पण पोरीले घेऊन जाशील तर मी कोणाच्या तोंडाकडं पाहू?' म्हणजे मुलगी इथंच राहणार आणि मी शनिवार-रविवार येणार, असं बोलता बोलता निघालं. मिस्टर गप्प होते. मग म्हणाले, यवतमाळला असेल तर ठीक, नागपूर लय लांब पडते.

मी ठरवलं आहे ते असं. आधी सायन्सचे विषय, काहीही झालं तरी. त्यानं हायजिनिस्टचं दार उघडतं आणि बी.एस्सी. नर्सिंगचंही. अभ्यास चालू असताना नोकरी सोडायची नाही. पुढच्या वर्षी नर्सिंगची सीईटी देऊन पाहीन. यवतमाळात जीएनएम मिळालं तर सिस्टर म्हणतात तो रस्ता, नाही मिळालं तर हायजिनिस्ट. सिस्टर, तुमचं डोक्याला पटतं. झाडीपट्टीच्या सरांचं मनाला पटतं. काय करू?

लसीचं आमच्या क्लिनिकच्या सरांना विचारलं. लगेच हो म्हणाले. मीच इतके दिवस विचारलं नव्हतं म्हणे.

क्लिनिकवाला_वणी

ताई, वर मी कडू बोललो. अनुभवाच्या दाखल्यावर काय काय लिहिलेलं पाहिजे ते सांगतो, तुमच्या सरांना दाखवा: रुजू तारीख, पूर्णवेळ की अर्धवेळ, निर्जंतुकीकरण, कचरा वर्गीकरण, खुर्चीशेजारी मदत, एक्स-रेला मदत (काढते असं लिहू नका, अडचण होईल), आणि सरांचा नोंदणी क्रमांक शिक्क्यासकट. पगार बँकेत घ्या. रोखीतल्या पगाराचा अनुभव कोणी धरत नाही.

सिस्टर_अमरावती

वणीकर, आता बोललात कामाचं.

पळसफूल, डोकं की मन हे आज ठरवायची गरजच नाही. सायन्सचा निकाल हातात आल्यावर ठरव. हायजिनिस्टसाठी एकदा नागपूरला मेडिकल चौकातल्या शासकीय दंत महाविद्यालयात आणि एकदा वर्ध्याजवळ सावंगी मेघेच्या दंत महाविद्यालयात स्वतः जाऊन ये. तिथं शिकणाऱ्या पोरींना बाहेर चहाच्या टपरीवर गाठ. किती जणींना नोकरी लागली, कुठं लागली, हे माहितीपत्रकात नसतं, त्या सांगतात. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे, जाऊन ये एकदाची.

पळसफूल

जाते. मास्तर, बायोलॉजीच्या प्रॅक्टिकलला किती वेळा जावं लागतं? क्लिनिकला रविवारी सुट्टी असते, शनिवारचा अर्धा दिवस मागून घेता येईल.

मास्तर_जिपशाळा

केंद्रावर अवलंबून आहे ताई. प्रवेश घेताना अभ्यास केंद्र निवडायचं असतं, तेव्हा जवळचं पाहून डोळे झाकून टिक करू नका. आधी त्या शाळेत फोन करून विचारा, सायन्सचं प्रॅक्टिकल तुमच्याकडं होतं का आणि रविवारी घेता का. काही केंद्रं फक्त आर्ट्सचीच असतात. त्या मुलाच्या केंद्रावर प्रॅक्टिकल रविवारीच व्हायचं. त्याच्या आईला विचारून केंद्राचं नाव व्यक्तिगत निरोपात पाठवतो.

कापूसकोंड्या

मास्तर, मलेही पाठवजा. माझी मधली पोरगी आर्ट्सलाच हाय आणि आता नर्सिंग म्हणून राहिली.